क्रोमवर बसलेला हायजॅकर कसा उपटला: रामबागेतल्या पीसीच्या नोंदी

रामबाग, इंदूर. असेम्बल केलेला डेस्कटॉप: आय३-८१०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २४० जीबीची एसएसडी, विंडोज ११ होम. घरात तिघं वापरतात. काका गणेशोत्सव मंडळाचे हिशेब ठेवतात, काकू रेल्वेची तिकिटं आणि बँकेचं बघतात, लेक सीपीसीटीसाठी (मध्य प्रदेशातली संगणक आणि टायपिंगची परीक्षा) टायपिंगचा सराव करते. लॉगिन तिघांचं एकच, आणि तेही अ‍ॅडमिनचं.

हायजॅकर म्हणजे ब्राउझरचं सर्च आणि होमपेज बळकावणारं सॉफ्टवेअर. नोंदी रोजच्या रोज लिहिल्या आहेत, चुकांसकट. रजिस्ट्रीतले (विंडोजच्या सेटिंगांचं कोठार) पत्ते आणि मेनूंची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. स्क्रीनवर ती इंग्रजीत दिसतील, क्रम तोच.

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५. दुपारी ३ ते रात्री ८.३०

लक्षणं: क्रोम उघडलं की भलतंच सर्चचं पान येतं. अ‍ॅड्रेस बारमध्ये काहीही शोधलं की पत्ता दोनदा झपकन बदलतो आणि मग एका नेहमीच्या सर्च इंजिनचे निकाल दिसतात. निकाल खरेच असतात, म्हणून घरच्यांना संशय आला नाही. 'नेट स्लो झालंय' एवढंच वाटत राहिलं. पण मधल्या त्या दोन उड्यांमध्येच सगळी कमाई आहे. प्रत्येक शोध आपल्यामार्फत गेला असं दाखवून हायजॅकरवाले कमिशन घेतात. शिवाय दर दहा-पंधरा मिनिटांनी उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या पीसीत ५ व्हायरस' अशी लाल चौकट.

पहिली तपासणी २ मिनिटांची. त्याच वाय-फायवर फोनमधून तोच शोध घेतला. फोनवर सगळं ठीक. म्हणजे राउटरचा दोष नाही, जे काही आहे ते याच पीसीत. फोनवरही हेच घडलं असतं तर बाकी सगळं सोडून आधी राउटरचं डीएनएस (साइटचं नाव कुठल्या पत्त्यावर न्यायचं ते ठरवणारं सेटिंग) बघावं लागलं असतं.

घरच्यांना सांगितलं: काम संपेपर्यंत या पीसीवर बँक नाही, तिकीट नाही, कुठलाही पासवर्ड टाकायचा नाही. मग बाहेरच्या हार्ड डिस्कवर फोटो, हिशेबाच्या फाइली आणि मंडळाच्या जुन्या स्मरणिका कॉपी केल्या. ४१ जीबी, ५० मिनिटं. सेटअप फाइली, झिप आणि डाउनलोड्सचं फोल्डर मुद्दाम घेतलं नाही. घाण त्यातूनच आलेली असते.

आता चुका. आज तीन झाल्या.

पहिली: सरळ क्रोमच्या एक्स्टेन्शनच्या (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमच्या) पानावर जाऊन हायजॅकर काढायला गेलो. तिथे एक अनोळखी एक्स्टेन्शन होतं, पण 'रिमूव्ह'चं बटणच नाही आणि खाली लिहिलेलं की हे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने बसवलंय. तीन टिंबांच्या मेनूच्या तळाशी 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' अशी ओळ. घरच्या पीसीला कसली ऑर्गनायझेशन! काही चांगली सुरक्षा सॉफ्टवेअरंही क्रोमला पॉलिसी (अ‍ॅडमिनने वरून लादलेलं सेटिंग) लावतात, त्यामुळे ही ओळ एकटी पुरावा होत नाही. पण बटण गायब असणं आणि ही ओळ, दोन्ही एकत्र दिसली की तिथे हात घालण्यात अर्थ नसतो हे लगेच कळायला हवं होतं.

दुसरी: क्रोमच्या सेटिंगमधून 'रिसेट सेटिंग्ज' केलं. रिसेटने बुकमार्क, हिस्टरी आणि साठवलेले पासवर्ड राहतात, मात्र एक्स्टेन्शन बंद होतात आणि कुकीज जातात. इथे झालं उलटंच: कामाची दोन एक्स्टेन्शन बंद पडली, सगळीकडचं लॉगिन गेलं आणि हायजॅकर तसाच. कारण पॉलिसी रिसेटच्या वरची असते, रिसेट तिला हात लावत नाही.

तिसरी, सर्वांत महाग: क्रोम काढून पुन्हा टाकलं. पॉलिसी रजिस्ट्रीत असते, क्रोमच्या फोल्डरमध्ये नाही. नवं क्रोम पहिल्यांदा उघडलं तेव्हा १० सेकंदांत ते एक्स्टेन्शन परत हजर.

मग अ‍ॅड्रेस बारमध्ये 'क्रोम://पॉलिसी' उघडलं, जे सगळ्यांत आधी उघडायला हवं होतं. तिथे सगळं नावानिशी होतं: एक्स्टेन्शन-इन्स्टॉल-फोर्सलिस्ट (सक्तीने बसवायच्या एक्स्टेन्शनची यादी), होमपेज, डिफॉल्ट सर्च प्रोव्हायडर. फोर्सलिस्टच्या समोर ३२ अक्षरांचा आयडी. हा आयडी कायम ए ते पी एवढ्याच अक्षरांचा असतो, मध्ये अंक किंवा झेड दिसला तर तुम्ही भलतंच काहीतरी कॉपी केलंय. आणखी एक गोष्ट: घरचा पीसी ऑफिसच्या डोमेनला जोडलेला नसतो, आणि अशा विंडोज पीसीवर सक्तीने फक्त क्रोमच्या स्टोअरमधलंच एक्स्टेन्शन बसवता येतं. म्हणजे हेही स्टोअरमधलंच होतं. 'स्टोअरमध्ये आहे म्हणजे सुरक्षित' हा समज इथेच सोडावा.

रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकी-लोकल-मशीन → सॉफ्टवेअर → पॉलिसीज → गूगल → क्रोम ही 'की' (रजिस्ट्रीतला नोंदींचा कप्पा) आधी एक्स्पोर्ट केली, मग डिलीट केली. क्रोम साफ. पीसी रीस्टार्ट केला. लॉगिननंतर अर्ध्या मिनिटात सगळं परत.

साडेपाच तास गेले आणि हाती एवढंच लागलं: कोणीतरी ही की पुन्हापुन्हा लावतंय.

जेल रोडवरच्या एका दुकानात फोन करून विचारलं होतं. उत्तर आलं, 'फॉरमॅट ही मारना पड़ेगा भिया', ८०० रुपये, दोन दिवस. फॉरमॅट चुकीचा नाही. कोणी दुरून पीसी चालवतंय असं दिसलं, किंवा बँकेतून पैसे गेले असले, तर मीही फॉरमॅटच सांगेन. पण इथे एमएस ऑफिसची प्रॉडक्ट की हरवलेली, जुन्या मराठी फॉन्टची सीडी नाही, आणि क्रोमच्या सिंकमध्ये (खात्यातून सेटिंग सगळ्या पीसींवर नेणारी सोय) काही अडकलं असेल तर ते फॉरमॅटनंतरही परत येणारच.

रविवार, ९ नोव्हेंबर. सकाळी १० ते रात्री १०

आज क्रोमकडे बघितलंच नाही. लावणारा कोण, एवढंच शोधायचं ठरवलं.

लॉगिन झाल्यावर डेस्कटॉपवर क्षणभर एक खिडकी चमकून जाते. डोळ्यांनी वाचता येत नाही. फोन स्क्रीनसमोर धरून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घेतला आणि एकेक फ्रेम पुढे सरकवली. एका फ्रेममध्ये खिडकीचा मथळा स्पष्ट होता, शेवटचा शब्द 'पॉवरशेल' (विंडोजमध्ये लिहून आज्ञा चालवायचं साधन). घरच्या पीसीवर लॉगिनला पॉवरशेल चालायचं काही कारण नाही. ही युक्ती फुकटची आहे आणि तिने आजचा निम्मा वेळ वाचवला.

स्टार्टमध्ये 'टास्क शेड्युलर' (ठरवलेली कामं, म्हणजे टास्क, आपोआप चालवणारं साधन) उघडलं. डाव्या बाजूला 'टास्क शेड्युलर लायब्ररी'. उजवीकडच्या यादीत विंडोज अपडेटशी मिळतंजुळतं नाव असलेला एक टास्क. ऑथरच्या रकान्यात मायक्रोसॉफ्टचं नाव. त्या नावावर जाऊ नका. तो रकाना टास्क बनवणारा हवं ते लिहून भरू शकतो. बघायचा तो 'अ‍ॅक्शन्स'चा टॅब. तिथे लिहिलेलं होतं: पॉवरशेल चालव, खिडकी लपव, एक्झिक्युशन पॉलिसी (स्क्रिप्ट चालवण्यावरची अट) 'बायपास' कर, आणि सिस्टिम३२ (विंडोजचं स्वतःचं फोल्डर) मधली अमुक पीएस१ फाइल (पॉवरशेलची स्क्रिप्ट) चालव. 'ट्रिगर्स'मध्ये: प्रत्येक लॉगिनला. 'जनरल'मध्ये 'रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस'वर टिक.

ती टिकच सगळं सांगते. पॉलिसीच्या किल्ल्या आणि सिस्टिम३२, दोन्हीकडे अ‍ॅडमिनशिवाय लिहिता येत नाही. म्हणजे कधीतरी कोणीतरी सेटअप चालवताना 'येस' म्हटलेलं आहे.

कधी, तेही सापडलं. पीएस१ फाइलची निर्मितीची तारीख २ मार्च २०२५, दुपारची. डाउनलोड्सचं फोल्डर तारखेप्रमाणे लावलं तर त्याच दुपारी, ६ मिनिटं आधी, टायपिंग शिकवणाऱ्या एका फुकट सॉफ्टवेअरचा सेटअप. सीपीसीटीच्या सरावासाठी सर्चमध्ये सगळ्यांत वर आलेली लिंक दाबली होती, ती जाहिरात होती. लेकीला वाईट वाटलं, पण यात तिची चूक कमीच. पान अगदी खऱ्यासारखं होतं आणि टायपिंगचं सॉफ्टवेअर चालतही होतं. आठ महिने घर हे सोसत होतं.

आता क्रम महत्त्वाचा. काल की आधी काढली आणि लावणारा जिवंत ठेवला, म्हणून वेळ गेला. आज असं केलं:

टास्कवर राइट क्लिक करून 'एक्स्पोर्ट', फाइल पेन ड्राइव्हवर. मग 'डिसेबल', डिलीट नाही. डिलीट केला की नंतर काही पडताळायचं राहिलं तर हातात काही उरत नाही. टास्क मॅनेजरच्या 'डीटेल्स'मध्ये कमांड लाइनचा रकाना चालू करून चालू असलेलं पॉवरशेल बंद केलं. पीएस१ फाइल पेन ड्राइव्हवर हलवून तिच्या नावाच्या शेवटचं पीएस१ बदलून टीएक्सटी केलं.

आणि मग ती नोटपॅडमध्ये वाचली. हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चालतं, कारण रजिस्ट्रीचे पत्ते डोळ्यांना दिसतात. काय काय बिघडवलंय त्याची यादीच तिथे असते. या फाइलमध्ये होतं:

क्रोमची पॉलिसी, जी काल सापडली होती. एजची (विंडोजबरोबर येणारा ब्राउझर) तशीच पॉलिसी: पॉलिसीज → मायक्रोसॉफ्ट → एज. काकू एज वापरत नाहीत म्हणून तिकडे कोणी बघितलंच नव्हतं. पॉलिसीज → गूगल → अपडेट, म्हणजे क्रोमचं अपडेट बंद. खरंच, 'अबाउट क्रोम'मध्ये आधीचं क्रोम १३३ वर अडकलेलं होतं आणि अपडेट अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने बंद केलंय असं लिहिलेलं होतं. काल नवं टाकलं म्हणून आवृत्ती बदलली, पण कुलूप तसंच. आणि विंडोज डिफेंडरच्या (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) 'एक्स्क्लूजन्स'मध्ये, म्हणजे स्कॅनमधून वगळायच्या यादीत, सिस्टिम३२ आणि अ‍ॅपडेटामधलं (प्रोग्रॅमांच्या डेटाची जागा) एक फोल्डर टाकणारी ओळ. याचा हिशेब उद्या.

शेवटून दुसरी ओळ बाहेरच्या एका पत्त्यावरून आणखी कोड आणून थेट मेमरीत चालवणारी. म्हणजे डिस्कवरची यादी पुरी नाही. हे वाचूनही संध्याकाळी मी गाफील राहिलो.

तिन्ही पॉलिसी किल्ल्या एक्स्पोर्ट करून डिलीट केल्या. वॉव६४३२नोडखालीही (३२-बिट प्रोग्रॅमांच्या नोंदींचा कप्पा) बघितलं, तिथे काही नव्हतं. दोनदा रीस्टार्ट केलं. 'क्रोम://पॉलिसी'वर 'रीलोड पॉलिसीज' दाबलं, यादी रिकामी. संध्याकाळी ६ ला काम झालं असं समजून काकूंनी केलेला चहा घेतला.

रात्री ९.१० ला पॉलिसी परत. ना लॉगिन, ना रीस्टार्ट. म्हणजे दुसरा टास्क आहे आणि तो घड्याळावर चालतो.

टास्क शेड्युलरमध्ये मी फक्त वरची यादी बघितली होती. डाव्या झाडात मायक्रोसॉफ्ट → विंडोजखाली डझनावारी फोल्डरं असतात, ती एकेक उघडणं माणसाचं काम नाही. त्यासाठी सिसइंटर्नल्सचं 'ऑटोरन्स' घ्यावं. मायक्रोसॉफ्टचंच आहे, फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही. राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'. त्याच्या 'शेड्युल्ड टास्क्स' टॅबवर सगळ्या फोल्डरांतले टास्क एकाच यादीत येतात. तिसाव्या-पस्तिसाव्या ओळीला सापडला: खऱ्या फोल्डरांच्या रांगेत स्वतःचं फोल्डर करून बसलेला, दर ४ तासांनी चालणारा, अ‍ॅपडेटामधली दुसरी पीएस१ फाइल चालवणारा. पहिला टास्क मेला असेल तर तो पुन्हा उभा करायचा, हेच त्याचं काम. शेड्युलर उघडून पाहिलं तर माझा 'डिसेबल' केलेला टास्क 'रेडी' झालेला.

दोन्ही एकदम बंद केले, दोन्ही फाइली हलवल्या, किल्ल्या पुन्हा काढल्या. रात्री १० वाजता पीसी चालू ठेवूनच घरी. घड्याळावर चालणारा टास्क गेला की नाही हे बंद पीसी सांगत नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर. संध्याकाळी ६.३० ते १०.३०

रात्रभर चालू होता, चार-चार तासांचे फेरे होऊन गेले. पॉलिसी रिकामी.

आता स्कॅन. आधी एक गोष्ट सांगायला हवी. शनिवारी बॅकअप चालू असताना काकांनी डिफेंडरचा फुल स्कॅन लावला होता: १ तास ५० मिनिटं, सापडलं शून्य. त्या शून्यावर काका खूष होते. पण सिस्टिम३२ आणि अ‍ॅपडेटामधलं ते फोल्डर एक्स्क्लूजनमध्ये असताना डिफेंडर नेमकं तेच सोडून बाकी घर झाडत होता. विंडोज सिक्युरिटी → व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन → मॅनेज सेटिंग्ज → एक्स्क्लूजन्स. तिथे जे आपण टाकलेलं नाही ते सगळं काढा, मगच स्कॅन करा. पुन्हा लावला, या वेळी ३ वस्तू निघाल्या. मधेच लाइट गेली, यूपीएसने चार मिनिटं काढली आणि ४० मिनिटांचा स्कॅन वाया गेला. यूपीएसची बॅटरी नवी घ्यावी लागली: १२ व्होल्ट ७ एएच, ९५० रुपये.

मग डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन. विंडोज सुरू होण्याआधी चालतो, साधारण १५ मिनिटं लागतात. काही निघालं नाही, आणि हे शून्य आता विश्वासाचं.

दुसरं मत म्हणून अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर. मालवेअरबाइट्सचं आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही. ते दुसऱ्या, स्वच्छ लॅपटॉपवर उतरवून पेन ड्राइव्हने आणलं. ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह जेल रोडवर ३८० रुपयांना. अशी साधनं कधीही सर्चच्या जाहिरातीवरून घेऊ नका, बनवणाऱ्याच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करून घ्या. नाहीतर व्हायरस काढायला दुसरा व्हायरस.

अ‍ॅडडब्ल्यूक्लीनरने ११ वस्तू क्वारंटाइन केल्या, बहुतेक त्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरबरोबर आलेला कचरा. रीस्टार्ट केला आणि इंटरनेट बंद.

क्रोम म्हणे प्रॉक्सी सर्व्हरशी संपर्क होत नाही. मी ते वाक्य नीट वाचलं नाही. राउटर बंद-चालू केला, केबल बदलली, नेटवाल्याला फोन लावून पाऊण तास थांबलो. फोनवर नेट चालतंय हे तेव्हाही समोर दिसत होतं! दोष असा होता: हायजॅकरने पीसीवरच एक छोटा प्रोग्रॅम बसवून सगळी रहदारी त्यातून वळवली होती. क्लीनरने प्रोग्रॅम उचलला, पण वळवणारी पाटी तशीच राहिली. सेटिंग्ज → नेटवर्क अँड इंटरनेट → प्रॉक्सी. 'मॅन्युअल प्रॉक्सी' चालू, पत्ता १२७.०.०.१ आणि पुढे पोर्ट. तो पत्ता म्हणजे आपलाच पीसी. बंद केलं, नेट चालू. काम १० सेकंदांचं, वेळ गेला दीड तास. 'यूज सेटअप स्क्रिप्ट' हेही तिथेच वर असतं, तेही बंद आहे ना ते बघा.

होस्ट्स फाइल (हिच्यात लिहून साइट भलत्या पत्त्यावर वळवता येते) पाहिली, साफ. नेटवर्क कार्डाचं डीएनएस 'ऑटोमॅटिक'वर, ठीक. सिस्टिम३२ मधलं ग्रुपपॉलिसी नावाचं लपवलेलं फोल्डरही पाहिलं, त्यात रजिस्ट्री-पीओएल फाइल (पॉलिसी साठवणारी) नव्हती. तुमच्याकडे असली आणि पीसी घरचा असला तर तीही हलवावी. ऑफिसच्या पीसीवर मात्र त्या फोल्डरला हात लावू नका.

बुधवार, १२ नोव्हेंबर. रात्री ८ ते ९.४५

काकांचा फोन: 'अरे, ते लाल चौकटीचं अजून येतंय. गेलं नाही वाटतं.'

हे मालवेअर नव्हतंच. कधीतरी एखाद्या पानावर 'अलाउ' दाबलेलं असतं, आणि त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायचा परवाना मिळालेला असतो. स्कॅनर हे सहसा पकडत नाहीत, कारण बिघडलेली फाइलच नसते. चौकटीच्या तळाशी बारीक अक्षरांत साइटचा पत्ता असतो, तो वाचला की पाठवणारा कळतो. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी → साइट सेटिंग्ज → नोटिफिकेशन्स. परवानगीच्या यादीत १४ साइट होत्या. १३ काढल्या, काकूंच्या मेलची ठेवली. वरचं बटण 'साइटना विचारूच देऊ नका' यावर केलं. एजमध्येही तेच.

काकू म्हणाल्या की खालच्या पट्टीवरून क्रोम उघडलं की थोडं वेगळं वाटायचं. त्यांचं निरीक्षण बरोबर निघालं. पट्टीवरच्या चिन्हाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'टार्गेट'च्या चौकटीत क्रोमच्या पत्त्यानंतर शेपूट होतं: दोन आडव्या रेघा, लोड-एक्स्टेन्शन, आणि अ‍ॅपडेटामधल्या एका फोल्डरचा पत्ता. स्टार्ट मेनूतल्या चिन्हाला शेपूट नव्हतं, म्हणून जुनं क्रोम असताना एकच ब्राउझर दोन दारांनी दोन तऱ्हेने उघडत होता. अधिकृत क्रोमने १३७ व्या आवृत्तीपासून ही सोय बंद केली आहे, त्यामुळे नव्या क्रोमवर शेपूट निरुपयोगी. अपडेट का अडकवलं होतं त्याचं एक कारण इथे समजलं. डेस्कटॉप आणि पट्टी, दोन्हीकडची चिन्हं काढून स्टार्ट मेनूतून नवी लावली. चिन्हावर राइट क्लिक केल्यावर टार्गेटची चौकट लहान दिसते, शेपूट उजवीकडे लपतं. चौकटीत क्लिक करून 'एंड' दाबा, तेव्हा ते दिसतं.

शनिवार, १५ नोव्हेंबर. दुपारी ४ ते ७

तीन दिवस काही नाही. आता क्रोममध्ये खातं परत जोडायचं. इथे घाई नको.

जोडलं तर होमपेज ठीक, पण सर्च इंजिनांच्या यादीत तो जुना पत्ता पुन्हा आला, आणि लेकीच्या लॅपटॉपवर तोच डिफॉल्ट झालेला. पॉलिसीने लादलेलं एक्स्टेन्शन सिंकमधून जात नाही, पण सर्च इंजिनचं सेटिंग आणि हाताने टाकलेली एक्स्टेन्शन जातात. खातं पुन्हा सुटं केलं. बुकमार्क एचटीएमएल फाइलमध्ये एक्स्पोर्ट केले. लॅपटॉपवरचं सिंक लेकीकडून बंद करवलं. मग गूगल खात्याच्या क्रोम-सिंकच्या पानावरून साठवलेला डेटा पुसला. याने सर्व्हरवरचा डेटा जातो, पीसीवरचा राहतो. दोन्ही पीसीवरची सर्च इंजिनांची यादी हाताने साफ केली आणि मगच सिंक चालू. एक साफ आणि दुसरा घाण असताना सिंक चालू केलंत तर घाण पुन्हा पसरते.

पासवर्ड. हे फोनवरून केलं, पीसीवरून नाही. त्या एक्स्टेन्शनची परवानगी होती 'सर्व साइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे'. म्हणजे आठ महिने जे टाइप झालं ते दिसू शकत होतं असंच धरून चालायचं. आधी गूगल खातं, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड त्या मेलवरूनच बदलतात. 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट'. हे विसरू नका, नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन. मग बँक, रेल्वे, वीजबिल. काकूंनी मार्चपासूनचं बँकेचं स्टेटमेंट ओळन् ओळ पाहिलं, पैसे गेलेले नाहीत. गेले असते तर आधी १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन, मग सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार, आणि पीसीला हातही लावायचा नाही. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे मध्येच अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

रविवार, १६ नोव्हेंबर. सकाळी ११ ते १२

मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर एकदा चालवला. उतरवल्यापासून १० दिवसांत कालबाह्य होतो, म्हणून जुना ठेवलेला वापरू नका. काही नाही. टास्क आणि फाइली आता कायमच्या डिलीट. टायपिंगचं सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल.

खाती वेगळी केली. काकू आणि लेक यांची 'स्टँडर्ड' खाती, काकांचंही रोजचं स्टँडर्ड. अ‍ॅडमिनचं एक वेगळं, त्याचा पासवर्ड वहीत लिहून कपाटात. मला विचाराल तर आठवडाभरातल्या सगळ्या कामांत हेच सर्वांत मोलाचं. मार्चमध्ये असं असतं तर तो सेटअप सिस्टिम३२ मध्ये पोचलाच नसता. जाहिराती अडवायला यूब्लॉक ओरिजिन लाइट टाकलं, म्हणजे सर्चमधली 'स्पॉन्सर्ड' ओळ दिसतच नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

दोन आठवडे. 'क्रोम://पॉलिसी' रिकामं, एजचं रिकामं, एक्स्क्लूजन्स रिकामं, प्रॉक्सी बंद, ऑटोरन्समध्ये नवीन काही नाही. लॉगिनचा पुन्हा स्लो मोशन व्हिडिओ घेतला, खिडकी चमकत नाही. क्रोम आपलं आपण अपडेट होतंय.

आजवरचा खर्च १,३३० रुपये, त्यातली बॅटरी तशीही लागणारच होती. वेळ साधारण २८ तास. पॉलिसीच्या पानापासून सुरुवात करून ऑटोरन्स दुसऱ्याच तासाला काढलं असतं तर ८-९ तासांत व्हायला हवं होतं.

परवा काकांचा फोन आला होता: 'पीसी पासवर्ड मागतोय, देऊ का?' फाइलचं नाव विचारलं. टायपिंगचंच आणखी एक सॉफ्टवेअर, दुसऱ्या नावाचं. देऊ नका म्हटलं. आज गेल्यावर लेकीच्या खात्यात विंडोजचा स्वतःचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू करून दिला: सेटिंग्ज → टाइम अँड लँग्वेज → लँग्वेज अँड रीजन, तिथे हिंदी जोडलं की येतो. सीपीसीटीला हिंदी टायपिंगमध्ये इनस्क्रिप्ट चालतो. त्यासाठी बाहेरच्या साइटवरून काहीही उतरवावं लागत नाही.